एकच कोरा कागद

"शरच्चंद्र, हे आपल्या कंपनीचं काम नाही."

मागून हेडक्लार्क गुरुप्रसाद प्रभुण्यांचा आवाज आला, तसे शरच्चंद्रचे हात टाइपरायटरवर थबकले.

बहारीनच्या मीना सलमान बंदरावरच्या शिपिंग कंपनीत तो टायपिस्ट होता. १९७१चा नोव्हेंबर. समोर शरीफुन्निसा बेगम बसल्या होत्या. ढाक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या या बाई, युद्धात जन्मलेल्या बांगलादेशासाठी देशोदेशी पाठिंबा मागत फिरत होत्या. अकरा वाजता इथल्या एका अधिकाऱ्याला त्यांना पत्र द्यायचं होतं. पण पत्र जुलैतलं. ऑगस्टमध्ये बहारीन स्वतंत्र झालं, राज्यकर्त्यांचा किताब बदलून 'अमीर' झाला. जुन्या किताबाचं पत्र कोण हातात घेणार? ते नव्याने टाइप करून घ्यायला ओळखीच्या कुणीतरी त्यांना शरच्चंद्रकडे धाडलं होतं.

"साहेब, त्यांच्या मंत्र्यांनी सही केलेला कोरा कागद एकच आहे," शरच्चंद्र म्हणाला. "चुकलं की खलास."

"मॅनेजर जहाजावरून केव्हाही येईल. त्याने पाहिलं तर तुझा व्हिसा खलास. लीना पुढच्या महिन्यात यायचीय ना इथं?"

शरच्चंद्रने टेबलाच्या काचेखालच्या बायकोच्या फोटोकडे पाहिलं. मराठी कळत नसलं तरी सूर ओळखून बाई उठल्या. "आपकी नौकरी जाएगी. रहने दीजिए."

गुरुप्रसादांनी जुनं पत्र उचललं. उभ्याउभ्याच वाचलं. जळलेली गावं, सीमेपार गेलेली माणसं. आणि शेवटी एवढंच, की आम्हांला देश म्हणून मान्यता द्या. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग दाराला आतून कडी घातली.

"मान वळवून वाचत बसलास तर चुकशील. मी सांगतो. सावकाश घे."

ते एकेक शब्द सांगत गेले. वीस मिनिटांनी कागद निघाला. एकही खाडाखोड नव्हती. बाई टॅक्सीने गेल्या.

मॅनेजर आला, दोन सह्या करून परत गेला. दोघांचंही कामात लक्ष नव्हतं.

एक वाजता बाई दारात उभ्या राहिल्या.

"रख लिया," त्या म्हणाल्या. "वादा कुछ नहीं किया. लेकिन पूरा पढ़ा, और रख लिया. दो मुल्कों में तो लिफाफा ही लौटा दिया था."

शरच्चंद्र मोठ्याने हसला.

गुरुप्रसाद स्वतः चहा आणायला गेले. परत आले तेव्हा बाई खुर्चीतच झोपल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. गुरुप्रसादांनी कप अलगद टेबलावर ठेवला आणि वाजू नये म्हणून फोनचा रिसिव्हर काढून बाजूला ठेवला.