खालचे सुळे

चामखीळ रानडुक्कर, म्हणजे वॉर्टहॉग, बिळात शिरतं ते पाठीकडून. सुळे बाहेरच्या बाजूला राहतात. मागावर कुणी असलंच तर त्याच्यासाठी. ताई आणि तिचा धाकटा भाऊ त्याच कुळातले. दोन पायांवर चालत, कामधंदा करत, माणसांत राहत. पण गालांवर चामखिळींचे तेच कोंब, मानेवर तशीच राठ आयाळ, आणि सवयही तीच. भाऊ गोदामावर रखवालदार होता. दुपारी जेवायला आला की अरुंद दाराशी वळायचा आणि पाठ आत घालत ओरडायचा, "ताई, गाडी रिव्हर्समध्ये येतेय गं! बाजूला हो!"

ताई लोकांचे कपडे इस्त्री करायची. इस्त्री उभी ठेवून ती त्याच्या पाठीवर तळहात टेकवायची. "ये. कुणी नाही."

तो हात लागल्याशिवाय तो आत पाऊल टाकत नसे.

भावाचे वरचे सुळे वीतभर, बाकदार. लोक त्यांनाच घाबरायचे. पण वरचे नुसते दिसायला. कापतात ते खालचे. तोंड मिटलं की वरच्यांवर घासून त्यांना धार लागत राहते. ताईचे आखूड होते, आणि त्यांवर ती सदैव रुमाल बांधायची. पहाटे दिवा लावून हात जोडायची आणि दोनच वाक्यं म्हणायची. "आज कुणावर सुळा उगारणार नाही. आज खोटं बोलणार नाही." इतक्या वर्षांत नेम मोडला नव्हता.

गेल्या आठवड्यात गोदामाच्या मुकादमाच्या भावाने एका म्हाताऱ्या हमालाला पोती उचलायच्या आकडीने बडवायला घेतलं. ताईचा भाऊ मध्ये पडला. त्यात मुकादमाच्या भावाची मांडी फाटली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तो संपला. हमालांनी एकमुखाने साक्ष दिली म्हणून ताईचा भाऊ सुटला. मुकादमाने मात्र त्याला सोडलं नव्हतं.

आज भरदुपारी मुकादम तीच आकडी घेऊन खोलीत शिरला. बरोबर त्याचा ड्रायव्हर. ड्रायव्हरने मागून ताईच्या गळ्याभोवती हात आवळला आणि बरगडीला सुरी लावली.

"डुकरीण इस्त्री करते, बघ," मुकादम हसला. दाराआड उभा राहून त्याने आकडी वर धरली. "रोज ठेवतेस तसा हात ठेव. रोज बोलतेस तेच बोल. तुला काही करणार नाही."

बाहेर जड पावलं वाजली. दार भरून पाठ आली. सकाळी तिनेच इस्त्री केलेला सदरा.

"ताई, गाडी रिव्हर्समध्ये येतेय!"

तिने हात टेकवला. पाठ गरम होती. दोन्ही खांदे चौकटीत रुतलेले. ओरडलं तरी तो वळेपर्यंत आकडी मानेत गेली असती.

ताईने हनुवटी खाली घातली. ड्रायव्हरला वाटलं, रडतेय. तिने मान हिसडली तसा रुमाल फाटला आणि ड्रायव्हरचा हात कोपरापासून मनगटापर्यंत शिवण उसवावी तसा उघडला. सुरी पडली. तो किंचाळत मागच्या खिडकीतून पळाला. दचकलेल्या मुकादमाचा नेम चुकला, आकडी भावाच्या खांद्यात घुसली. "ताई!" तो चौकटीत अडकून डुरकला. ताई डोकं खाली घालून धावली. पहिला घाव जांघेत. मुकादम भिंतीला घसरत खाली बसला. इस्त्रीच्या पांढऱ्या थप्पीवर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या.

"ताई, बास," मुकादम दोन्ही हात वर करून म्हणाला. "सोड, ताई."

हात रिकामे होते. तिला ते दिसले. तिने पुन्हा मान खाली घातली. दुसरा घाव गळ्याला.

"ताई, कोण आहे गं आत? बोल ना!" भावाला मागचं काहीच दिसत नव्हतं.

तिने भावाच्या खांद्यातली आकडी उपसून काढली. पाठीवर तळहात टेकवला, तसा सदऱ्यावर रक्ताचा पंजा उमटला. "ये. आता कुणी नाही."

भाऊ आत आला, वळला, आणि त्याने भिंतीशी पडलेला मुकादम पाहिला. मग म्हणाला, "मी केलं म्हणून सांगतो. तू झुरळसुद्धा सुपलीत धरून बाहेर सोडतेस. तुझ्यावर कोण संशय घेणार?"

झालंही तसंच. दवाखान्यात ड्रायव्हरने भावाचंच नाव घेतलं. बाईने फाडलं म्हणायची त्याला लाज वाटली. हवालदार आला आणि न विचारता त्याने भावाच्या हातात बेडी घातली.

ताई कोपऱ्यात बसली होती. तोंडावर नवा रुमाल. पहाटेचं एक वाक्य मोडलं होतं. दिवस अजून मावळला नव्हता.

"हवालदारसाहेब," ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, "त्याच्या सुळ्यांना रक्त आहे का बघा."

"ताई, गप्प बस!"

तिने रुमाल सोडला. हवालदार एक पाऊल मागे सरला.

"मी मारलं," ताई म्हणाली. "पहिल्यांदा मारलं ते ह्याच्यासाठी. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा त्याचे हात रिकामे होते. तेही सांगून ठेवते."

भावाच्या मनगटावरची बेडी निघाली. तिच्या मनगटाला ती सैल झाली, तेव्हा वाटेत निसटू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवली.