दोनशे पावलं

"मास्तर, आज तोंडाला कुलूप हं! आवाज इथंच घेतेय मी, नंतर डबिंग नाही," बोरबालानं तिसऱ्यांदा बजावलं. ती ध्वनिमुद्रण करणारी, वयानं मास्तरांच्या नातीएवढी.

"कळलं गं बाई! बहिरा नाही झालो अजून," दिग्दर्शक केरेस्तेश मास्तर करवादले.

कॅमेऱ्याच्या गाडीमागं उभा व्हेंदेल मान खाली घालून हसला. रुळांवरून ही गाडी तो चौतीस वर्षं ढकलत होता. मास्तरांचे ते दहा-दहा मिनिटांचे अखंड शॉट! लोक त्यांवर पुस्तकं लिहीत. व्हेंदेलच्या लेखी ते म्हणजे होर्तोबाजच्या माळावरचा चिखल, दोनशे पावलं आणि मास्तरांची बडबड. आवाज नंतर भरायचा, म्हणून शॉट चालू असतानाही मास्तर खुशाल ओरडत. "हळू रे, गाढवा! मेंढ्यांना जाऊ दे पुढं... हां, आता सोड!" व्हेंदेलचे पाय त्या शिव्यांवरच चालत.

यंदाचे निर्माते परदेशी, आवाज जागेवरच घ्यायची अटही त्यांचीच. त्यात फिल्मचा एकच डबा उरलेला, एका शॉटपुरता. आज शॉट साधला नाही, तर उद्या बुडापेस्टहून मोटारीवर चालणारी गाडी येणार आणि व्हेंदेल कायमचा घरी. उजवा गुडघा आठवड्यापासून सुजलेला, पण तो कुणाकडे बोलला नव्हता. सकाळी पालिंकाच्या दारूनं गुडघा चोळला, एक घोट पोटात ढकलला आणि आला होता.

"जमेल ना रे?"

"न जमायला काय धाड भरलीय, मास्तर?"

क्लॅप वाजली. म्हातारी नटी विहिरीवरून बादली घेऊन झोपडीकडे निघाली, तिच्या बरोबरीनं गाडी, गाडीशेजारी ओठ मिटून मास्तर. व्हेंदेलला आज स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तरी पाय चुकले नाहीत. शंभर पावलं झाली, दीडशे झाली. गुडघ्यात अशी कळ उठली की त्यानं दात आवळले. चल मेल्या, थोडंच राहिलंय!

अकरा पावलं उरली असताना पाय लटपटला. गाडीला मात्र त्यानं हिसका बसू दिला नाही.

"अरे व्हेंदेल, राहू दे. बस आता, बाळा," मास्तर बोलून गेले.

"गेला शॉट," बोरबाला पुटपुटली आणि तिनं कानांवरचे हेडफोन काढले.

मास्तरांनी त्याला आजवर गाढव म्हटलं होतं, बैल म्हटलं होतं. राहू दे, असं कधीच म्हटलं नव्हतं.

"मी पोचलो असतो, मास्तर." व्हेंदेलला रडू फुटलं.

"माहीत आहे रे मला. सवयीनं तोंड उघडलं बघ." मास्तर मटकन रुळावरच बसले.

थोड्या वेळानं डोळे पुसून व्हेंदेल नेहमीसारखा रूळ सोडवायला वाकला. मास्तरांनी दुसरं टोक उचललं. रुळाला त्यांनी आजवर हात लावला नव्हता. ते आपल्या नादात भराभर चालू लागले आणि व्हेंदेलचा पाय ओढला गेला.

"हळू, मास्तर. हळू."

मास्तर त्याच्या पावलांनी चालू लागले.