थिएटर म्हणजे कोणतं?

मी कानाची मशीन बोलतेय. पुस्तकात मला श्रवणयंत्र म्हणतात, पण इंदूरच्या आमच्या घरात तो शब्द कुणाच्या तोंडी नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतो तो तुकोगंजमधला दवाखाना, आणि नानासाहेबांच्या कानात बसल्यावर ऐकलेला पहिला आवाज. तो होता त्यांच्या बायकोचा, अंबिकाबाईंचा.

"ऐकू येतंय का हो?"

"येतंय की! ओरडतेस कशाला?"

दोघंही खूप हसली होती.

पुढे अंबिकाबाई गेल्या. मुलगा संजीव लंडनला स्थायिक झालेला. मग नानासाहेब मला डबीतच ठेवू लागले. घरात बोलणारंच कुणी नाही, तर मला घालायचं कशाला?

मागच्या हिवाळ्यात संजीवची मुलगी शर्वरी इंदूरजवळच्या सिमरोलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कामासाठी आली. जन्मापासून लंडनमध्ये वाढलेली पोर, पण मराठी बोलायची. कामाच्या धबडग्यात तिला आजोबांकडे यायला फावलं नाही. शेवटी परतायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला आणि नानासाहेबांनी मला डबीतून काढून कानात घातलं.

"आजोबा, उद्या दुपारी थिएटरला जाऊया? तिकिटं काढलीयेत. तुमच्या घराजवळच आहे. मी इथून थेट येते, दारातच भेटू. संध्याकाळी मग माझं विमान."

"येतो, येतो!"

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा कोट चढवून ते निघाले. त्या गडबडीत मोबाइल टेबलावरच राहिला. रिक्षावाल्यानं विचारलं, "बाबूजी, थिएटर मतलब पिक्चरवाला ना?"

"और कौनसा होता है भिया!"

मल्टिप्लेक्सच्या दारात ते पॉपकॉर्नचे दोन पुडे घेऊन उभे राहिले. चपलांचा आवाज आला की मी तो त्यांच्यापर्यंत पोचवायची आणि ते मान वळवायचे. दर वेळी दुसरीच कुणी मुलगी असायची. खेळ सुटला, माणसं पांगली, तेव्हा कुठे ते घरी यायला निघाले.

शर्वरी बंद दारापुढच्या पायरीवर बॅग घेऊन बसली होती. डोळे लाल.

"कुठे होतात आजोबा? मी थिएटरला किती वाट बघितली! फोन पण उचलत नव्हतात."

"अगं, मी थिएटरलाच तर होतो."

"नाटकाला?"

"नाटकाला? नाही गं, पिक्चरला."

तिनं कपाळावर हात मारला. "आमच्याकडे थिएटर म्हणजे नाटकाचं. पिक्चर असतं तर मी सिनेमा म्हटलं असतं ना!"

नानासाहेब हळूच म्हणाले, "मी जन्मभर टॉकीज म्हणत आलो, बेटा. हल्लीची पोरं थिएटर म्हणतात, म्हणून तो शब्द शिकलो."

तिनं त्यांच्या हातातला पुडा घेतला आणि टॅक्सी येईपर्यंत शेजारी बसून ते गार, मऊ पडलेले पॉपकॉर्न खात राहिली. मला फक्त तेवढं चघळणं ऐकू येत होतं. इतका गोड आवाज मी त्या घरात कितीतरी दिवसांनी ऐकला.

आता तिचा फोन येतो तेव्हाच माझी डबी उघडते. फोन कमी झालेत. तिचं तरी काय चुकतं? तिकडे तिचं काम सुटतं तेव्हा इकडे रात्र झालेली असते.

आज मात्र फोन नसताना नानासाहेबांनी मला कानात घातलं. गॅलरीत बसले. मग रिकाम्या घराकडे बघत म्हणाले, "अंबिका, चहा टाकू का?"

तेवढंच मी त्यांना ऐकवलं. पुढचं उत्तर मी कुठून आणू?

आमच्या गल्लीतून कधी जाणं झालं, तर वर बघून त्यांना हाक मारा. काका म्हणा, बाबूजी म्हणा, काहीही म्हणा.