भोंगा उशिरा वाजला तेव्हा

बिल्ल्याची पिन पुन्हा उघडून खांद्याखाली टोचत होती, आणि तरी दुर्गा ताठ उभी होती, कारण मॉनिटरने फाटकावर चुळबुळ करायची नसते – हे प्रभाकर सरांचं म्हणणं. नेता म्हणजे शिस्त, हेही त्यांचंच. शनिवारी दमणच्या शिबिरात ‘नेतृत्व’ या विषयावर तिने हेच म्हणून दाखवायचं होतं. टोकरखाड्याच्या सरकारी क्वार्टरांतल्या मुली सोडून सायली गावातल्या कामगारांच्या चाळीतली मुलगी निवडली गेली, म्हणून बाबांनी अख्ख्या फॅक्टरीला सांगून ठेवलं होतं.

फाटकाबाहेर सायली गावचीच अकरा मुलं उभी होती. झाडून सगळी अर्धा तास उशिरा.

“ताई, भोंगाच उशिरा वाजना,” आठवीतली सोनम म्हणाली. “आमनी काय चूक?”

सायलीत घड्याळ होतं कुणाकडे? फॅक्टरीचा भोंगा झाला की चूल, पाणी, शाळा... ती स्वतः वेळेवर आली होती ती भाषण पाठ करायला पहाटेच उठली म्हणून. आणि काल जेवताना बाबा म्हणाले होते, उद्यापासून शिफ्ट अर्धा तास पुढे गेली. तिने ऐकलं होतं. ऐकलं, आणि घास गिळता गिळता पुन्हा ‘आदरणीय व्यासपीठ’ घोकत बसली. चार दारं पलीकडे सोनम राहते – एक हाक मारायची, बस. एवढंही सुचलं नाही, आणि म्हणे नेता... तिला स्वतःची लाज वाटली, चांगली कानशिलं तापेपर्यंत.

आता यांची नावं लिहायची आणि मधल्या सुट्टीपर्यंत यांना उन्हात ठेवायचं. आठवीचा भूमितीचा तास आत सुरू झाला होता.

तिने फाटक उघडलं आणि बाहेर जाऊन मुलांना घेऊन चिंचेखाली बसकण मारली. उशिरा येणाऱ्यांच्या वहीचं कोरं पान फाडून त्रिकोण केला, त्याचे तिन्ही कोपरे फाडले, आणि सोनमला म्हणाली, “हे टोकाला टोक लावून ठेव.” सोनमने ठेवले. सरळ रेघ झाली. दुसरा वेडावाकडा त्रिकोण, पुन्हा सरळ रेघ. “म्हंजे कुठलाबी त्रिकोण?” सोनमचे डोळे हे एवढे झाले, आणि दुर्गाच्या छातीत असं काही भरून आलं, जे भाषणाच्या एकाही ओळीला आलं नव्हतं. मला हे हवंय... हेच.

“नावं?” प्रभाकर सर मागे उभे होते.

“नाही लिहिली, सर. शिफ्ट बदलल्याचं मला काल कळलं होतं. मीच सांगितलं नाही कुणाला.”

“मग शिबिराला टोकरखाड्याची अलका जाईल. मधल्या सुट्टीपर्यंत नावं आणून दे, नाहीतर बिल्ला.”

सर गेले. आपल्या सरांचं आपल्यावर प्रेम आहे, हे तिला ठाऊक होतं; त्यानेच जास्त लागलं. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला – ते आता कुणाकुणाला काय सांगतील... रडू येईलसं वाटलं, पण आला तो रागच: शिस्तीचा, भोंग्याचा, कालच्या स्वतःचा. मुलं खाली मान घालून कोपरे जुळवत होती, ती चुकलेले सरळ करून देत होती, आणि मनातल्या मनात सरांशी भांडत होती. जिंकत नव्हती, पण हटतही नव्हती.