मंगळवारचा आकडा

दुर्गेश्वरीच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलंय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा दामिनीला आधी वाटलं की कागद बदलले असणार. देवरीतल्या त्या संस्थेच्या छोट्या दवाखान्यात कागद बदलणं नवलाचं नव्हतं. एकदा तर छोटेलाल नावाच्या म्हाताऱ्याच्या हाती कुण्या बाईचा गरोदरपणाचा रिपोर्ट पडला होता आणि त्याने तो मुकाट्याने घडी करून खिशात घातला होता.

पण कागद तिचाच होता. वय तेवीस, मुक्काम चिचगड. खाली तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी लिहिलेली होती, साडेबारा. धडधाकट माणसाची ती सहाच्या आत असते.

"बरीच बिघडलेली शुगर आहे," गोंदियाहून महिन्यातून एकदा येणारे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस कोणी लक्ष दिलं नाही का?"

दामिनीला त्यांचा असा राग आला की काही विचारू नका. या दवाखान्यात कुणाकडे लक्ष दिलं गेलं असेल तर ते याच पोरीकडे.

दामिनी तिथली समुपदेशक. तिशीच्या आत शुगर झालेल्या पोरापोरींचा दर मंगळवारचा वर्ग तिच्याकडे होता. सुरुवातीला वरून एक तक्ता आला होता. त्यात पांढरे बूट घातलेली बाई बागेत फिरत होती आणि ताटात पोळी, काकडी अन् हिरवं सफरचंद. तिन्ही त्रिकाळ भात खाणाऱ्या मुलखात तो तक्ता धाडणाऱ्याला दंडवतच घालायला हवा. राईस मिलवर हमाली करणारा प्रफुल म्हणाला होता, "मॅडम, दिवसभर पोते उचलून राहिलो मी. आता बागेत अजून कायले फिरू?"

सगळे हसले, दामिनीही हसली, आणि दुसऱ्या दिवशी तिने तो तक्ता भिंतीवरून उतरवला. घरची वाटी आणून भात किती घ्यायचा, लाखोरीची डाळ किती, अंबाडीची भाजी किती, हे तिने हाताने वाढून दाखवलं. तरण्या पोरांना कंटाळा येऊ नये म्हणून एक गंमत काढली. मंगळवारी आल्या आल्या उपाशीपोटी साखर तपासायची, आकडा कार्डावर लिहायचा आणि एकशे वीसच्या आत आला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. महिन्याभरात ज्याचे आकडे सगळ्यांत चांगले, त्याला स्टीलचा डबा. बघता बघता वर्ग भरला आणि आकडे खाली आले. संस्थेच्या बैठकीत साहेबांनी तिला उभं करून तिचं कौतुक केलं. त्या दिवशी घरी जाताना साखर कमी करायला शिकवणाऱ्या या बाईने पाव किलो पेढे घेतले होते.

चार डबे एकट्या दुर्गेश्वरीने नेले होते. तिच्या कार्डावर एकशे बारा, एकशे आठ, एकशे दहा असे आकडे ओळीने होते. नव्या पेशंटला दामिनी तेच कार्ड दाखवायची.

दुर्गेश्वरी बाहेर बाकावर बसली होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिने ओढणी कपाळावर ओढून घेतली होती. शेजारी तिची आई निर्मलाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"कधीपासून त्रास आहे?" दामिनीने विचारलं.

"पंधरा दिस झाले, ताई. ब्लाऊज शिवून राहिली होती, त सुईत धागाच जाऊन नाई राहिला. डोऱ्यापुढं काजळी पोहल्यावानी दिसते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमीच त म्हनलं होतं, आकडा चांगला असला म्हंजे डोऱ्याले काई होत नाई. माहा आकडा त चांगलाच हाय." दुर्गेश्वरीने पिशवीतून कार्ड काढून पुढे केलं.

हे वाक्य दामिनीचंच होतं, अक्षरशः. तिने कार्ड हातात घेतलं, पण पाहिलं नाही.

"गोळ्या रोज घेतेस ना?"

"घेते न," निर्मलाबाई मध्येच बोलली. "इतवारी अन् सोमवारी. चुकवत नाई."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीच्या दिवशी कोन तपासते?"

निर्मलाबाईच्या बोलण्यात लबाडी नव्हती. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्या लेकीबद्दल आई सांगते, तसं ती कौतुकाने सांगत होती. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रविवारी दुपारी जेवलं की मंगळवारपर्यंत दुर्गेश्वरी अन्नाला शिवत नव्हती. त्या दोन दिवसांत ती दोन-दोन गोळ्या घ्यायची. मंगळवारी घरी पोचली की भुकेने जीव कासावीस व्हायचा आणि मग शनिवारपर्यंत ताटाला मोजमाप राहायचं नाही. एकदा चिचगडच्या बसमध्ये तिला दरदरून घाम फुटला, हातपाय कापायला लागले. त्याच बसमध्ये असलेल्या प्रफुलने पेपरमिंटची गोळी तोंडात घातली म्हणून ती सावरली.

"प्रफुलला माहीत आहे?"

"सगरेच करतेत, ताई. मीच सांगतलं त्याईले."

दामिनी बाकावर बसली. तिला लाज वाटली, इतकी की त्या दोघींकडे बघवेना. दोन वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं की बुधवारी काय खाल्लं. जे विचारलं, तेवढं त्या पोरांनी मन लावून केलं होतं. ज्या टाळ्यांसाठी पोरगी उपाशी राहिली, त्या सुरू कुणी केल्या होत्या?

ती पुन्हा आत गेली. डॉक्टरांनी आधीच नागपूरची चिठ्ठी लिहून ठेवली होती. डाव्या डोळ्यातही सुरुवात झाली आहे, लेझर लवकर झालं तर तो वाचेल, असं ते म्हणाले. उजव्याचं त्यांनी काही कबूल केलं नाही.

दामिनीने बाहेर येऊन दोघींना सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. रोज जेवायचं, गोळी रोज घ्यायची, उपास मुळीच करायचा नाही, नागपूरला याच आठवड्यात जायचं. निर्मलाबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. वर्गातही सगळे अशीच मान हलवायचे.

"समजलं," दुर्गेश्वरी म्हणाली. मग तिने अगदी मनापासून विचारलं, "पन ताई, डोरा पयलेसारखा होयाले किती दिस उपाशी राहा लागते?"

दामिनीने अजून हातातच असलेल्या कार्डाकडे आता पाहिलं. निर्मलाबाई जवळ सरकली आणि तिच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुमी सांगा त खरं, बाई. तिले एकटीले झेपत नसन, त मी बी राहीन तिच्यासंगं."