बिजागरीचा नाडा

ज्या साली माझ्या धाकट्या नातीचं बारसं मोशीला झालं, त्या साली मी चिखलीच्या एका छोट्या कंपनीत झाडलोट करत होते. तिथं परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगासाठी सिलिकॉनच्या चकचकीत पट्ट्या तपासत. डोळ्यांना न दिसणारा कण पट्टीतून गेला की ती त्याची वाट टिपते, असं तिथल्या पुनम नावाच्या पोरीनं मला समजावलं होतं. तपासणी तीच करायची. पट्टी काळ्या पेटीत ठेवायची, झाकण लावायचं आणि वीज किती गळते ते बघायचं. आकडा जास्त आला की पट्टी बाद.

दसऱ्यानंतर कंपनी उघडली आणि सलग बारा पट्ट्या बाद झाल्या. संध्याकाळी साहेबांना यादी द्यायची होती. बारा बाद म्हणजे काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार. पोरगी रडकुंडीला आली.

"माझंच कायतरी चुकतंय, आजी."

दारातून वॉचमन कोंडाजी म्हणाले, "मशीन रुसलं आसंल. पूजेला हळद-कुंकू लावू दिलं न्हाई तुमी."

"तुमच्या घोरण्याला कंटाळलं असेल," मी म्हटलं.

"मी घोरत न्हाई, सगुणाबाई. जागा हाय हे चोराला कळावं म्हणून आवाज करतो."

तेवढ्यात लाईट गेली, खोलीत अंधार झाला. मशीन बॅटरीवर चालूच होतं. पडद्यावरचा आकडा झपकन खाली आला. लाईट आली, तसा पुन्हा वर.

पुनम ताडकन उठली. "पेटीत उजेड शिरतोय! उजेड लागला की पट्टीतून जास्त वीज गळते."

तिनं पेटीभोवती हात फिरवला. मागं बिजागरीला लाल नाडा बांधलेला, त्याचं टोक झाकणाखाली दाबलेलं. केसाएवढी फट राहिली होती.

कोंडाजी जमिनीकडे बघायला लागले. "हळद न्हाई, कुंकू न्हाई, फूल बी न्हाई. तीस वर्सं कंपनीत खंडेनवमी केली, ह्या मशीनला तसंच ठेवायचं व्हय? नुसता नाडा बांधला. त्यो बी स्पिरिटात धुऊन."

पुनमला हसू आवरेना. नाडा सोडून तिनं बाराही पट्ट्या पुन्हा तपासल्या. अकरा पास झाल्या. एक खरंच बाद निघाली.

"ती माझ्या नावावर न्हाई हां," कोंडाजी लगेच म्हणाले.

यादी गेली, काम राहिलं. पुनम अजून तिथंच आहे.

कोंडाजी गेल्या वर्षी चैत्रात, पाडव्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी, कुरुळीच्या घरी वारले.