पालकांच्या तीव्र भावना

"पालकांच्या तीव्र भावना लक्षात घेता, विद्यार्थिनींच्या मनावर अनिष्ट परिणाम करणारी सदर चित्रकथा ग्रंथपेटीतून मागे घेण्यात येत आहे." शाळेच्या फलकावरची ही सूचना ग्रंथपेटी सांभाळणाऱ्या शिक्षिका सत्यशीलाबाईंनी दोनदा वाचली आणि त्या मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, पालक म्हणजे कोण कोण?"

"अहो, पालकसभेत बोलले की!"

"एकट्या धुरपताबाई बोलल्या. बाकीच्यांनी माना हलवल्या."

"मग त्याच भावना."

"तुम्ही पुस्तक उघडलंत?"

"मुखपृष्ठ पाहिलं. तेवढं पुरे झालं."

मुखपृष्ठावर शर्ट-पँट घातलेली, बॉयकट केलेली एक मुलगी होती. तेवढ्याने बोरी गावाची संस्कृती धोक्यात आली होती. सातवीतल्या पिंकीने ते पुस्तक वाचून भावासोबत न्हाव्याकडे जाऊन तसेच केस कापले. त्यामुळे पुस्तक आरोपी ठरले आणि पिंकी पुरावा. केस वाढेपर्यंत तिने जिंतूरच्या कबड्डी सामन्यांत उतरायचे नाही, हेही त्याच सभेत उरकण्यात आले. न वाचलेल्या पुस्तकाविषयी एवढे एकमत सत्यशीलाबाईंनी विद्वानांच्या परिषदांतही पाहिले नव्हते.

संध्याकाळी त्या धुरपताबाईंच्या ओसरीवर गेल्या. म्हातारी तूर निवडत होती. शेजारी नात वैष्णवी, पहिलीपासून पिंकीच्या बाकावर बसणारी.

"आजी, काय होतं हो त्या पुस्तकात?"

"मला कुठं वाचता येतंय, बाई! ही म्हनली, त्यात पोरी वाया जायल्यात. मी सभेत तेच बोलले. चुकलं का काय?"

वैष्णवी खालमानेने तूर निवडू लागली. सत्यशीलाबाईंनी वाटेत जुळवलेली कठोर वाक्ये बाजूला ठेवली. त्या खाली बसल्या आणि सुपातले खडे वेचू लागल्या. म्हातारी चहा ठेवायला आत गेली.

"पिंकीचे केस तुला आवडले नाहीत का गं?"

"लय आवडले."

"वाचलंस तू पुस्तक?"

"तीनदा."

म्हणजे साऱ्या गावात ते नीट वाचलेली, पिंकीखेरीज, ही एकटीच.

"मग?"

मुलीने हातातला खडा अंगणात टाकला.

"मॅडम, त्यातली पोरगी केस कापती, तवापासून तिची जुनी मैत्रीण चित्रात बारीक बारीक व्हत जाती. शेवटच्या चित्रात तर दिसत बी न्हाई. शाळेत खिचडीला पिंकी आता कबड्डीवाल्या पोरींत बसायलीय. समद्यांनी पुस्तक वाचलं आसतं, तर ती मैत्रीण मीच हाय हे वळखलं आसतं."